एकाचेही वजन वाढले नव्हते

"मगदूम, हे वाचा आणि सांगा, आनंद होतो की नाही?"

रणदिवे साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि ते खुर्चीत मागे रेलले. ते आमच्या कारखान्याचे वर्क्स मॅनेजर. त्यांच्या टेबलाच्या उजव्या हाताला हेरवाडेबाई बसल्या होत्या. पाठ ताठ, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला, नजर माझ्या हातातल्या कागदावर. दसरा नुकताच झाला होता आणि साहेबांच्या टेबलावरच्या काचेखाली आपट्याची पाने खोचलेली होती.

मी कागद वाचला. डाव्या बाजूला आषाढात घेतलेली वजने, उजव्या बाजूला दसऱ्यानंतरची.

"मशिनशॉप आणि फौंड्री मिळून साठ माणसं," साहेब म्हणाले. "एकाचंही वजन वाढलेलं नाही!"

"एकाचंही?"

"एकाचंही!"

"तेच विचारतोय साहेब. एकाचंही नाही?"

साहेबांचा चेहरा किंचित उतरला. "तुम्हाला आनंद झाला की नाही हे तुमच्या तोंडावरून आजवर कोणाला कळलंय? हे बघा, मुख्य कचेरीची माणसं येतायत. आरोग्य शिक्षिकेची जागा कायम करायची की नाही, हे ती ठरवणार. त्यांना नुसते आकडे चालत नाहीत, शास्त्रीय चाचणी हवी. ती तुम्ही करा आणि खाली सही करा."

"चाचणी करतो. सहीचं चाचणीनंतर बघू."

हेरवाडेबाईंनी हातातल्या रुमालाची आणखी एक घडी घातली. मी ती घडी पाहिली आणि लक्षात ठेवली. त्या काळात माझी ती सवयच होती.

कृष्णेच्या काठी आमचा पंपांचा कारखाना होता. मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन तिथे लागलो आणि पुढे पुण्याला संख्याशास्त्रीय दर्जा नियंत्रणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून तपासणी खात्याचा प्रमुख झालो. त्या वर्षीच्या आरोग्य शिबिरात निम्म्या कामगारांचा रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा वजन उतरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यासाठी हेरवाडेबाईंना हंगामी म्हणून घेण्यात आले. पूर्वी त्या एका शाळेत व्यायाम शिकवत. ती शाळा बंद पडली होती. त्यांचा नवरा त्यांना सोडून गेलेला होता, आणि त्या त्याच नवऱ्याच्या म्हाताऱ्या आईला घेऊन वसाहतीच्या मागच्या बाजूला एका भाड्याच्या खोलीत राहत. जागा कायम झाली असती तर त्यांना वसाहतीत क्वार्टर मिळाले असते. हे सर्वांना ठाऊक होते, कारण सासूबाई येता-जाता बायकांना विचारत, "आमचं क्वार्टर कुठल्या लाइनीत येईल गं?"

कार्यक्रम साधा होता. पाळीच्या आधी मैदानावर कवायत आणि फेऱ्या, कॅन्टीनमध्ये तळणाला कात्री, चहात साखर निम्मी. कामगारांनी त्याचे नाव 'भारनियमन' ठेवले होते. "आज आमचं भारनियमन हाय," असे म्हणत माणसे मैदानाकडे जात.

मी माझ्या टेबलावर येऊन गणिताला बसलो.

या पद्धतीत आरंभ संशयानेच करायचा असतो. कार्यक्रमाने काडीचाही फरक पडलेला नाही, असे प्रथम धरून चालायचे. याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग आकड्यांना विचारायचे, हे गृहीत खरे असते तर तुम्ही असे दिसला असता का? आकडे 'शक्यच नाही' म्हणाले, तरच ते गृहीत सोडायचे. प्रत्येक माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक घ्यायचा, त्या फरकांची सरासरी काढायची आणि ती त्यांच्या विखुरण्याच्या मानाने किती मोठी आहे ते पाहायचे.

उत्तर इतके मोठे आले की मी कॅल्क्युलेटर बंद करून सगळे पुन्हा केले. तेच आले. कागदावरचे आकडे ओरडून सांगत होते की कार्यक्रम यशस्वी आहे. माझा विश्वास नेमका तिथेच उडाला.

कारण फरक सगळे एकाच बाजूला होते आणि एकमेकांना फार जवळ होते. बहुतेक जण दीड ते दोन किलोंनी उतरलेले. फौंड्रीतला दांडगा माणूस तेवढाच, आणि मशिनशॉपमधला काडीपैलवानही तेवढाच. लेथ बिघडली तर नग विखुरतात, कोणी जाड, कोणी बारीक. मोजायचे गेज बिघडले, तर मात्र सगळे नग एकदम एकाच बाजूला सरकतात. हा धडा मला नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळाला होता. माणसांची शरीरे एका साच्यातून निघत नाहीत. ज्याने कोणी हे आकडे घडवले होते, त्याने सर्वांना एकाच मापाने कापले होते.

कागदाच्या पाठीमागे आणखी एक यादी टाचलेली होती, विंडिंग खात्यातल्या बायकांची. मोटरच्या तारा गुंडाळण्याचे काम त्या करीत आणि त्यांची कवायतीची तुकडी पहिल्यापासून वेगळी होती. तिथे मात्र सगळा गोंधळ होता. एकीचे वजन वाढलेले, दोघींचे जिथल्या तिथे, एकीचे चार किलोंनी उतरलेले, बाकीच्यांचे कमी-अधिक. साहेबांनी त्या यादीवर पेन्सिलीने लिहिले होते, 'हे वगळावे.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाइम ऑफिसच्या दाभोळ्यांना घेऊन वजनकाट्याकडे गेलो. दोन्ही वेळची वजने दाभोळ्यांनीच वाचली होती. शिकवणाऱ्याने स्वतः मोजायचे नाही, असे ठरले होते.

तो चाकांवरचा प्लॅटफॉर्म काटा होता. एरवी डिस्पॅच खात्यात पंपांची खोकी तोलण्यासाठी असे आणि गरज पडली की ढकलत दुसऱ्या खात्यात नेत. मी माझी प्रमाणित वजने त्यावर एकेक करून ठेवली. काटा प्रत्येक वेळी अचूक होता. वजनमापे निरीक्षकाचे शिशाचे सील शाबूत होते.

"दोन्ही वेळा हाच काटा होता?"

"हाच. कारखान्यात दुसरा आहे कुठे?" दाभोळे म्हणाले. मग आजूबाजूला पाहून आवाज उतरवून म्हणाले, "तुम्हाला पण वाटतंय ना?"

"काय वाटतंय?"

"की काहीतरी पाणी मुरतंय. एकटी बाई, मगदूम. नवरा गेला म्हणतात. पण का गेला, हे कोणाला माहितीय?"

"नवऱ्याचं वजन यादीत नाही, दाभोळे. दुसऱ्या वेळी बाई काट्याजवळ होत्या का?"

"नव्हत्या. लांब दारात उभ्या होत्या. पण दाराशी प्रत्येकाला काहीतरी सांगत होत्या बरं का. मी ऐकलं नाही. आपण कशाला ऐकायचं?"

"बरोबर आहे. नुसतं बघायचं."

दाभोळे त्यावर हसले नाहीत.

दाराशी त्या काय सांगत होत्या? वजनाच्या आदल्या दिवशी पाणी तोडायला सांगितले असेल तर माणूस किलो-दीड किलोने सहज उतरतो. पैलवान हे करतात. आमच्या भागात तालमीत वाढलेल्या प्रत्येक पोराला ही युक्ती ठाऊक असते आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईला ती ठाऊक नसणे अशक्य होते. मला सूत्र सापडल्यासारखे वाटले आणि मी सरळ मैदानाकडे गेलो.

तुकडी नुकतीच सुटली होती. हेरवाडेबाई चुन्याने आखलेली फेरीची रेषा पुन्हा आखत होत्या.

"बाई, दुसऱ्या वजनाच्या वेळी तुम्ही दाराशी माणसांना काय सांगत होतात?"

त्या सरळ उभ्या राहिल्या. हाताला चुना लागलेला होता. "रांगेत उभे राहा. दुसरं काय सांगणार?"

"आदल्या दिवशी पाणी कमी प्या, असं?"

"फौंड्रीतल्या माणसांना? भट्टीसमोर उभं राहणाऱ्यांना पाणी पिऊ नका म्हणून सांगेन मी?" त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहऱ्यावरचा रंग गेला. "मगदूम साहेब, तुम्ही मला सरळ विचारा की मी लबाडी केली का."

"केली का?"

"नाही."

"मग हे आकडे असे कसे?"

"ते मला कसं कळणार? मोजायचं काम माझं नव्हतं. तुमच्याच लोकांनी तसा नियम केला होता." त्यांनी चुन्याची बादली उचलली. दोन पावले गेल्या आणि थांबल्या. "एक विनंती आहे. रणदिवे साहेब विंडिंगची यादी वगळा म्हणतायत. ती वगळू नका."

"ती राहिली तर तुमचा निकाल कमजोर होतो, हे ठाऊक आहे ना?"

"आहे."

"मग?"

"राहू द्या," एवढेच म्हणून त्या निघून गेल्या.

मी तिथे उभा राहून विचार करीत राहिलो. ज्या माणसाला कायम नोकरी हवी आहे, तो स्वतःच्या विरुद्धचे आकडे ठेवायचा आग्रह का धरील? मला एकच उत्तर सुचले, की सगळे गुळगुळीत दिसू नये म्हणून. लबाडाला थोडा खरेपणा लागतोच. त्या दिवशी माझा संशय कमी झाला नाही, उलट पक्का झाला.

पाण्याची गोष्ट त्यांनी नाकारली होती, पण साठ माणसांपैकी कोणीतरी बोलले असते. जेवणाच्या सुट्टीत मी मशिनशॉपच्या मागच्या फाटकाशी गेलो. फाटकाबाहेर भज्यांची एक गाडी लागत असे. 'भारनियमना'तले माझे अर्धे यशस्वी पुरुष तिथे द्रोण घेऊन उभे होते.

मला पाहून पिराजी चौगुले या टर्नरने द्रोण पाठीमागे लपवला.

"लपवू नकोस. वास येतोय," मी म्हणालो.

"ह्यो वास तेलाचा हाय सायेब. मशिनच्या तेलाचा." बाकीचे हसले.

"रोज खाता?"

"रोज कुठं? कवायत आसती त्या दिशीच. भूक लागती नव्हं!"

"आणि कवायत रोज करता?"

"हजेरी रोज देतो की!" पिराजीने प्रामाणिकपणे सांगितले. "बाई वराडतात, मग एक फेरी मारतो. दुसऱ्या फेरीला पायात गोळा येतो."

"मग वजन कसं उतरलं तुझं?"

"त्येच घरात समदी इचारत्यात. बायकू म्हंती, कागदावर उतरलंय, पँटीत न्हाई."

"नवरात्राचे उपास केलेस?"

"केलं की. नऊ दिस साबुदाणा, भगर आन शेंगदाण्याची आमटी. त्यानं वजन उतरतंय व्हय? उपासानं आमच्या चुलत्याची दोन गुंड्यांची बंडी फाटली."

"वजनाच्या आदल्या दिवशी पाणी पिऊ नका, असं कोणी सांगितलं होतं?"

"कुनी?" त्याने खरोखरच आश्चर्याने पाहिले. "भट्टीवाल्यास्नी आसं सांगितलं तर बाईस्नी उचलून भट्टीत टाकतील."

हे खोटे नव्हते. माझे सूत्र तुटले. मग मी म्हणालो, "चल माझ्याबरोबर. पुन्हा वजन करायचंय."

"आत्ता? खाल्ल्यावर?"

"खाल्ल्यावर."

डिस्पॅच खात्यात काटा जागेवर होता. मी वजने लावण्याची दांडी मोकळी केली आणि म्हणालो, "उभा राहा."

पिराजी काट्याजवळ गेला, खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. लोखंडी टोपीचे ते जाड सुरक्षा बूट काढायला वेळ लागतो. त्याने एकेक बूट शेजारी नीट ठेवला, उजव्या हाताने काट्याला स्पर्श करून तो हात छातीला लावला आणि मग अनवाणी वर चढला.

माझा हात दांडीवर तसाच राहिला.

"बूट का काढलेस?"

"आँ?"

"बूट, पिराजी. का काढलेस?"

"सायेब, पूजा झालीया की त्येची." त्याने पायाखाली बोट दाखवले. "खंडेनवमीला समद्या मशिनींची झाली, तशी ह्येची बी झाली. सातिया काढलाय, दिसत न्हाई? पूजेच्या वस्तूवर बूट घालून कोन हुबा ऱ्हातंय?"

प्लॅटफॉर्मच्या पत्र्यावर हळदीकुंकवाचे स्वस्तिक फिकट झाले होते, पण होते. सकाळी मी माझी वजने त्याच्या शेजारी, ते पुसले जाऊ नये अशा बेताने ठेवली होती, आणि तसे ठेवताना माझ्याही मनात दुसरा विचार आला नव्हता.

"आणि आषाढात? पहिल्या वजनाला?"

"तवा कशाला काढतोय? तवा त्यो नुस्ता काटा हुता. आन मशिनशॉपात बूट काढला तर शेफ्टी हापिसर दंड लावतोय. पूजा झाल्यावर त्यो बी काय बोलला न्हाई."

"सगळ्यांनीच काढले होते दसऱ्यानंतर?"

"समद्यांनी. लाइनच लागलीवती बुटांची. दोघांचं बूट बदलून पन गेलं. तानाजी आजून दुसऱ्याचाच घालतोय."

मी त्याला उतरायला सांगितले आणि त्याच्या बुटांची जोडी काट्यावर ठेवली. "सायेब, आवं—" पिराजी पुढे झाला. मी जोडी लगेच उचलली आणि खाली एक कोरा कागद पसरून पुन्हा ठेवली. जोडी दीड किलोच्या वर भरली.

तिथून मी विंडिंग खात्यात गेलो. दारात चपलांची ओळ होती. तारेवरच्या इनॅमलच्या लेपावर खडा घासला तर मोटर जळते, म्हणून त्या खात्यात पायताण कायम बाहेरच राहते. मीही बूट काढून आत गेलो.

"आज सायेब आमच्या भारनियमनाला आलं वाटतं!" आक्काताई कुरणे म्हणाली. ती त्या खात्यातली सगळ्यात जुनी. हात तारेवर फिरतच होते. "या की. पोट बगा किती सुटलंय तुमचं."

"आक्काताई, तुमची वजनं कुठं घेतली होती?"

"हितंच. काटा ढकलत आनला हुता, दोन्ही टायमाला."

"अनवाणीच?"

"हितं कोन पायताण घालतंय? मी तर चार किलोनं उतरलो सायेब. आमच्या म्हाताऱ्याला वाटलं मी आजारीच पडलो."

बायका हसल्या. मी परत माझ्या टेबलावर आलो. कोणीही लबाडी केली नव्हती. साठ माणसे एका कुंकवाच्या खुणेपुढे वाकली होती आणि तेवढ्याने शास्त्रीय चाचणी आडवी झाली होती. आणि ज्या यादीवर 'हे वगळावे' असे लिहिले होते, ती एकटीच यादी सरळ मोजलेली होती.

रणदिवे साहेबांनी सगळे ऐकून घेतले आणि डोळे मिटले.

"कोणाला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग सांगू नका. हे बघा, कोणी चोरी केलेली नाही. बाई गरीब आहेत, त्यांना जागा मिळेल. मुख्य कचेरी खूश, आपण खूश. एका बुटाच्या जोडीने कोणाचं काय बिघडतं?"

"फौंड्रीत रक्तदाबाची माणसं आहेत साहेब. त्यांना आपण लेखी देणार की तुम्ही बरे होत चाललात."

"तुम्ही बाईंच्या पोटावर पाय देताय, एवढं समजून घ्या."

"बाईंना मी विचारीन."

"विचारा! काय म्हणतील? माझं पोट माराच म्हणतील?"

हेरवाडेबाई कॅन्टीनच्या मागे भाजी निवडणाऱ्या बायकांशी बोलत होत्या. मी त्यांना बाजूला बोलावून जे सापडले ते सांगितले. माझे संपल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे लबाडी नव्हती."

"नव्हती."

"तुम्हाला मात्र वाटली होती."

"हो."

"वाटणारच." त्यांनी कॅन्टीनच्या भिंतीकडे पाहिले. "मलाही वाटली होती."

मला अर्थ लागला नाही.

"पुरुष काय करत होते ते मी रोज बघत होते, साहेब. हजेरी द्यायची, एक फेरी मारायची आणि फाटकाकडे पळायचं. त्यांचं वजन उतरलं म्हणून कागद आला तेव्हा मी समजले, कोणीतरी काहीतरी केलंय. मला वाटलं रणदिवे साहेबांनी आकडे बदलले. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी. मी तोंड उघडलं असतं तर माझीच जागा गेली असती. म्हणून गप्प बसले. पण विंडिंगच्या बायकांनी खरंच केलं होतं. घरचं आवरून, पाळीच्या आधी येऊन, एकही फेरी न चुकवता. त्या यादीत काही खोटं नव्हतं. ती तेवढी राहू द्यावी असं वाटलं."

म्हणजे आम्ही दोघेही त्याच कागदाकडे संशयाने पाहत होतो. मी त्यांच्यावर संशय घेत होतो आणि त्या आमच्यावर.

"साहेब म्हणतात तशी सही करू?" मी विचारले. हे विचारायला नको होते, पण एका म्हाताऱ्या बाईचे क्वार्टर माझ्या डोळ्यांपुढे येत होते.

आत कोणीतरी परात आपटली.

"पुन्हा घ्या वजनं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांची. बूट घालून. आणि लवकर घ्या, दिवाळीला कंपनी नवे बूट देते. मग परत घोळ होईल."

साठ जणांना पूजेच्या काट्यावर बूट घालून चढवणे सोपे नव्हते. पिराजी म्हणाला, "पाप तुमच्या डोक्यावर सायेब." शेवटी फौंड्रीतल्या वडीलधाऱ्या मिस्त्रींनी काट्याला नारळ फोडला, स्वस्तिक ओल्या फडक्याने पुसले, क्षमा मागितली आणि वर गोणपाट अंथरले. त्या गोणपाटाचे वजन मी प्रत्येकातून वजा केले. आणि आक्काताईच्या बायकांना, त्यांच्याच आग्रहावरून, आम्ही तिसऱ्यांदा तोलले.

पुरुषांचे आकडे या वेळी माणसांसारखे आले. कोणी अर्धा किलो खाली, कोणी पाव किलो वर. शून्य परिकल्पना नाकारता येईल असे काहीही उरले नव्हते. बायकांची यादी तशीच विखुरलेली होती. तिची चाचणी मी पुन्हा पुन्हा केली, कारण चांगला निकाल यावा अशी माझी इच्छा आहे हे मला जाणवत होते आणि अशा वेळी हातून चूक होते. निकाल बदलला नाही. फरक मोठा नव्हता, पण योगायोग म्हणून सोडून देण्याजोगाही नव्हता.

मी दोन्ही निष्कर्ष वेगवेगळ्या पानांवर लिहून सही केली.

मुख्य कचेरीच्या माणसांनी पहिले पान वाचले. दुसरे त्यांनी उलटले असावे, वाचले की नाही ते मला सांगता येत नाही. विंडिंगच्या थोड्या बायकांसाठी कायम जागा निर्माण करता येत नाही, असे त्यांचे पत्र मार्गशीर्षात आले.

शेवटच्या दिवशी हेरवाडेबाई माझ्या खात्यात आल्या. सांगलीकडच्या मुलींच्या एका वसतिगृहात त्या अर्ज करणार होत्या आणि त्याला जोडायला त्यांना दुसऱ्या पानाची प्रत हवी होती. मी ती आधीच तयार ठेवली होती.

त्यांनी ती उभ्यानेच वाचली. एका ओळीवर बोट ठेवले.

"'पाच टक्के पातळीवर परिणाम आढळतो.' हे पाच टक्के काय?"

"तुमच्या कार्यक्रमाचा काही परिणाम नसता, तरी निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसू शकतो. पण ती शक्यता शंभरात पाचाहून कमी आहे. तेवढी शंका या पद्धतीत शिल्लक ठेवावी लागते."

"म्हणजे तुम्हाला अजून पाच टक्के शंका आहे माझ्यावर."

हा अर्थ काटेकोर नव्हता. शंका आकड्यांवर असते, माणसावर नसते, हे सांगण्यासाठी मी तोंड उघडले.

त्यांनी हाताने मला थांबवले, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली, आणि त्या कारखान्यात मी त्यांना पहिल्यांदाच मोकळे हसताना पाहिले.

"असू द्या, मगदूम साहेब. पाच टक्के म्हणजे काहीच नाही. या वसाहतीत इतका कमी संशय माझ्यावर आजवर कोणी घेतला नव्हता."